आतड्यातले जिवाणू काय बनवतात आणि आपले शरीर त्याचे काय करते

मोठ्या आतड्याच्या काही आजारांत शल्यचिकित्सक आतडे मध्येच वळवून पोटावर केलेल्या छिद्राशी जोडतात. मल त्या छिद्रातून बाहेरच्या पिशवीत जमा होतो आणि तिथून गुदद्वारापर्यंतचा उरलेला भाग काही महिने रिकामा राहतो. त्या भागाचा रक्तपुरवठा शाबूत असतो, त्यात नवा जंतुसंसर्ग झालेला नसतो आणि पूर्ण विश्रांती मिळाल्यामुळे तो अधिकच निरोगी राहावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पुष्कळ रुग्णांत घडते ते नेमके उलटे. रिकाम्या भागाचे अस्तर लाल होते, सुजते आणि जरासा स्पर्श होताच त्यातून रक्त येते. आतडे पुन्हा जोडून मलाचा प्रवाह सुरू केला की ही सूज बहुधा आपोआप ओसरते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अगदी लहान अभ्यासात डॉक्टरांनी आतडे न जोडता, जिवाणू एरवी तयार करतात त्या काही आम्लांचे द्रावण या रिकाम्या भागात सोडले, आणि काही आठवड्यांत अस्तर सुधारले. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत इतके स्वच्छ यश मिळाले नाही. पण या निरीक्षणाने एक गोष्ट ठळकपणे पुढे आणली. मोठ्या आतड्याचे अस्तर केवळ रक्तातून मिळणाऱ्या पोषणावर जगत नाही. आतल्या पोकळीतले जिवाणू जे बनवतात, त्यावर ते फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

आतड्यातल्या जिवाणूंविषयी आज भरपूर लिहिले जाते, परंतु त्यातले बरेचसे लेखन कोणता जिवाणू चांगला आणि कोणता वाईट या प्रश्नाभोवती फिरत राहते. माझ्या मते हा प्रश्न काहीसा चुकीच्या दिशेने नेणारा आहे. जिवाणूचे नाव आपल्या पेशींना कळत नाही. त्यांना कळते ते त्याने बाहेर सोडलेले रसायन: ते कोणते आहे, किती आहे आणि आतड्याच्या कोणत्या भागात पोहोचले आहे. जिवाणू आपले अन्न मोडतात तेव्हा त्यातून जे छोटे रेणू तयार होतात, त्यांना मेटाबोलाइट किंवा चयापचयजन्य पदार्थ म्हणतात. आतड्याचे आरोग्य आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांच्याशी जिवाणूंचे जे नाते आहे, ते बहुतांशी या रेणूंच्या मार्फत चालते.

आधी थोडा हिशेब. २०१६ साली मांडलेल्या काटेकोर अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी असतात, म्हणजे दोन्ही संख्या जवळपास बरोबरीच्या आहेत. जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट असतात, हे वाक्य अजूनही सर्रास वाचायला मिळते. ते जुन्या, ढोबळ गणितावर आधारलेले होते आणि आता ते सोडून द्यायला हवे. या सर्व जिवाणूंचे एकत्रित वजन साधारण २०० ग्रॅम भरते आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. संख्येपेक्षा महत्त्वाची आहे ती त्यांची रासायनिक क्षमता. प्रथिने बनवण्याची माहिती देणारी सुमारे २०,००० जनुके माणसाकडे आहेत. २०१० साली १२४ व्यक्तींच्या आतड्यांतील जिवाणूंची जनुके एकत्र मोजली गेली, तेव्हा ती ३३ लाखांच्या घरात निघाली. जे रासायनिक काम आपल्या पेशींना कधीच जमणार नाही, ते करणारी एवढी मोठी यंत्रणा आपण आत बाळगून असतो.

तंतुमय पदार्थ हे या क्षमतेचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. धान्याचा कोंडा, डाळी, भाज्या आणि फळे यांतील गुंतागुंतीच्या कर्बोदकांच्या साखळ्या तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, माणसाकडे फारच मोजकी आहेत. आपण पिष्ट, ऊस किंवा बीट यांची साखर आणि दुधातली साखर पचवू शकतो. त्यापलीकडच्या बहुतेक साखळ्या लहान आतड्यातून जशाच्या तशा पुढे जातात. याउलट बॅक्टेरॉइडिस थीटाआयोटाओमायक्रॉन या एकाच जिवाणूकडे अशा साखळ्या तोडणारी अडीचशेहून अधिक विकरे आहेत. मोठ्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथले जिवाणू या साखळ्या तोडून त्यांतील शर्करा आंबवतात. या किण्वनातून काही वायू निर्माण होतात आणि त्याचबरोबर आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांत ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट हे तीन पदार्थ प्रमुख असून त्यांचे परस्परप्रमाण ढोबळमानाने ६० : २० : २० असे असते.

हे काम कोणताही एक जिवाणू एकट्याने तडीस नेत नाही. एक गट मोठ्या साखळ्यांचे तुकडे करतो, दुसरा त्या तुकड्यांपासून ॲसिटेट व लॅक्टेट बनवतो आणि तिसरा त्या दोहोंपासून ब्युटिरेट तयार करतो. लोकांना नावाने ठाऊक असलेले बायफिडोबॅक्टेरियम स्वतः ब्युटिरेट बनवतच नाही. ते बनवणाऱ्या फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी किंवा रोझबुरिया यांसारख्या जिवाणूंना ते कच्चा माल पुरवते. म्हणून एखादा जिवाणू बाहेरून घेतला की अमुक पदार्थ हमखास वाढेल, असे सरळ गणित इथे मांडता येत नाही. शिवाय कच्चा मालच वरून आला नाही, तर साखळीतले सगळे कामगार हजर असूनही काही तयार होणार नाही. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या बाबतीत अक्षरशः खरी आहे.

तयार झालेल्या मेदाम्लांपैकी सुमारे ९० ते ९५ टक्के आतड्याच्या भिंतीतून शोषली जातात. ॲसिटेटचा बराच भाग रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतो, प्रोपिओनेट मुख्यतः यकृत वापरून टाकते, आणि ब्युटिरेटचा मोठा वाटा मात्र आतड्याच्या अस्तराच्या पेशीच जाळतात. शरीरातील बहुतेक पेशी ऊर्जेसाठी ग्लुकोज आणि रक्तातील मेदाम्ले यांवर विसंबून असतात. मोठ्या आतड्याच्या पेशी या बाबतीत वेगळ्या आहेत. १९८० च्या सुमारास माणसाच्या आतड्यातून वेगळ्या काढलेल्या पेशींवर प्रयोग झाले, तेव्हा या पेशी वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे ७० टक्के प्राणवायू एकट्या ब्युटिरेटच्या ज्वलनासाठी खर्च होतो असे दिसले. ज्यांच्या शरीरात जन्मापासून एकही जिवाणू नाही अशा प्रयोगशाळेतील उंदरांच्या मोठ्या आतड्यातील पेशी ऊर्जेवाचून उपाशी असतात आणि तग धरण्यासाठी स्वतःचेच घटक मोडून खाऊ लागतात, असे २०११ साली दाखवून देण्यात आले. त्याच पेशींना ब्युटिरेट मिळाल्यावर हे स्वभक्षण थांबले.

या ज्वलनाचा आणखी एक परिणाम आहे आणि मला तो या संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आतड्याच्या भिंतीला रक्तातून प्राणवायू मिळतो, पण तिला लागून असलेल्या पोकळीत प्राणवायू असता कामा नये, कारण तिथल्या उपयुक्त जिवाणूंपैकी बहुतेकांना तो सहन होत नाही. या दोन जगांमध्ये पेशींचा जेमतेम एक थर असतो. त्या थरातील पेशी ब्युटिरेट जाळताना रक्तातून आलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि त्यामुळे पोकळीत झिरपायला तो फारसा उरत नाही. म्हणजे जिवाणू ब्युटिरेट बनवतात, पेशी ते जाळतात आणि त्या जाळण्यामुळेच जिवाणूंना हवी तशी प्राणवायूरहित जागा टिकून राहते. प्रतिजैविकांच्या माऱ्याने ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी झाले, की हे चक्र तुटते. उंदरांवरील २०१७ च्या संशोधनात दिसले की अशा वेळी अस्तराच्या पेशी आपली चयापचयाची पद्धतच बदलतात. त्या प्राणवायूशिवाय ग्लुकोज मोडू लागतात, न वापरलेला प्राणवायू पोकळीत झिरपतो आणि प्राणवायू वापरू शकणारे ई. कोलायच्या कुळातले जिवाणू, ज्यांत साल्मोनेलाही मोडतो, तिथे झपाट्याने वाढतात. प्रतिजैविके घेतल्यानंतर काही लोकांची आतडी नव्या संसर्गाला सहज बळी का पडतात, याचे एक समाधानकारक उत्तर यातून मिळते.

मग ब्युटिरेट जितके जास्त तितके चांगले का? तसे नाही, आणि त्याचे कारण आतड्याच्या रचनेत आहे. अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. खळग्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात, त्या विभागून नव्या पेशी तयार करतात, आणि या नव्या पेशी वर सरकत काही दिवसांत झडून जातात; सगळे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. वरच्या प्रौढ पेशींना ब्युटिरेट हे अन्न आहे, पण तळाच्या मूळ पेशींची वाढ मात्र ते रोखते. वरच्या पेशी ब्युटिरेट जाळून टाकतात म्हणूनच ते तळापर्यंत पोहोचत नाही आणि मूळ पेशी सुरक्षित राहतात, असे २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. जखमेमुळे वरचा थर उघडा पडला असेल, तर हेच ब्युटिरेट भरून येण्याचा वेग कमी करू शकते. हीच दुहेरी वृत्ती कर्करोगाच्या पेशींबाबत उपयोगी ठरते. त्या पेशी मुख्यतः ग्लुकोजवर जगतात, ब्युटिरेट जाळत नाहीत. त्यामुळे ते त्यांच्या आत साचते आणि त्यांची वाढ थांबवते. रेणू एकच असतो, परंतु तो कोणत्या पेशीला आणि किती प्रमाणात मिळतो, यावर त्याचे काम ठरते.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. आतडे ही शरीरातील अशी जागा आहे जिथे परके रेणू दिवसभर येत राहतात: अन्नाचे कण, निरुपद्रवी जिवाणू, आणि अधूनमधून खरोखर घातक जंतू. या सगळ्यांवर सारख्याच त्वेषाने हल्ला केला, तर आतडे कायम सुजलेले राहील. कोणावरच केला नाही, तर साधा संसर्गही प्राणघातक ठरेल. प्रतिकार यंत्रणेला येथे संयम आणि सज्जता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी राखाव्या लागतात, आणि जिवाणूंचे चयापचयजन्य पदार्थ तिला या दोन्ही कामांत मदत करतात.

संरक्षणाची पहिली फळी म्हणजे अस्तरावरचा श्लेष्मा, म्हणजेच बुळबुळीत चिकट आवरण. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू राहतात, तर आतल्या घट्ट थरात ते जवळजवळ शिरू शकत नाहीत. त्याखाली पेशींचा एकेरी थर असतो आणि शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. ब्युटिरेटमुळे श्लेष्म्याची निर्मिती वाढते आणि हे सांधे मजबूत होतात. या भिंतीतून आयजीए नावाची प्रतिपिंडेही दररोज काही ग्रॅम इतक्या प्रमाणात पोकळीत स्रवत असतात. ती जिवाणूंना चिकटून त्यांना भिंतीपासून दूर ठेवतात.

भिंतीमागे प्रतिकार यंत्रणेच्या पेशी असतात. त्यांत नियामक टी पेशी नावाचा एक प्रकार आहे आणि त्यांचे काम इतर पेशींचा दाह आवरणे हे आहे. २०११ आणि २०१३ मध्ये जपानमधील केन्या होंडा यांच्या गटाने दाखवले की क्लॉस्ट्रिडिया वर्गातील काही जिवाणू जंतूविरहित उंदरांच्या आतड्यात सोडल्यास या नियामक पेशींची संख्या वाढते. त्यांपैकी १७ प्रकारांचा संच तर त्यांनी माणसाच्या विष्ठेतून वेगळा केला. जिवाणू हे नेमके कसे घडवतात, याचा मोठा खुलासा २०१३ मध्येच वेगवेगळ्या संशोधकांच्या तीन लेखांतून जवळजवळ एकाच वेळी झाला: या कामी आखूड साखळीची मेदाम्ले, विशेषतः ब्युटिरेट, कारणीभूत होती.

याची यंत्रणा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. पेशीतील डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. जिथे ही गुंडाळी सैल असते, तिथली जनुके वाचली जातात. जिथे ती घट्ट असते, तिथली गप्प राहतात. हिस्टोनवरचे विशिष्ट रासायनिक गट काढून ही गुंडाळी घट्ट करणारी विकरे पेशीत असतात आणि ब्युटिरेट त्या विकरांना अडवते. परिणामी फॉक्सपी३ नावाच्या जनुकाभोवतीची गुंडाळी सैल राहते, आणि हेच जनुक एखाद्या तरुण टी पेशीला नियामक टी पेशी बनवते. भक्षक पेशींवरही ब्युटिरेटचा असाच प्रभाव पडतो आणि जिवाणूंच्या साध्या उपस्थितीने भडकून दाहजनक संदेश सोडण्याची त्यांची वृत्ती कमी होते. याशिवाय पेशींच्या पृष्ठभागावर या मेदाम्लांना ओळखणारे ग्राहक रेणूही असतात, त्यामुळे पेशीच्या आत न शिरताही ही आम्ले संदेश पोहोचवू शकतात. जिवाणूंनी तंतू आंबवताना टाकून दिलेला पदार्थ आपल्या जनुकांच्या वाचनापर्यंत जाऊन पोहोचतो, हे वाचून मला आजही आश्चर्य वाटते.

दुसरा महत्त्वाचा गट ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तयार होतो. आपल्या अन्नातील प्रथिनांतून येणाऱ्या ट्रिप्टोफॅनचा काही भाग जिवाणू वापरतात आणि त्यापासून इंडोल व त्याचे भाऊबंद म्हणता येतील असे पदार्थ बनवतात. यांतील अनेक रेणू पेशींमधील एएचआर या ग्राहकाला जाऊन चिकटतात. तसे झाले की भिंतीतल्या काही प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-२२ नावाचा संदेश सोडतात. तो ऐकून अस्तराच्या पेशी जंतुनाशक प्रथिने तयार करतात आणि स्वतःची डागडुजी वेगाने करतात. लॅक्टोबॅसिलसच्या काही प्रकारांनी बनवलेला असाच एक इंडोलजन्य पदार्थ कॅन्डिडा या बुरशीला आटोक्यात ठेवण्यास मदत करतो, असे २०१३ मध्ये उंदरांत दिसून आले. ब्युटिरेट मुख्यतः संयम शिकवते, तर हे रेणू सज्जता राखतात, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

पित्ताम्लांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात रसायनशास्त्र थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत येते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते, ती स्निग्ध पदार्थांच्या पचनासाठी लहान आतड्यात येतात, आणि काम झाल्यावर त्यांतील सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषून यकृताकडे परत जातात. उरलेली सुमारे ५ टक्के मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे जिवाणू त्यांची रचना बदलून त्यांपासून डीऑक्सिकोलिक आम्ल आणि लिथोकोलिक आम्ल यांसारखी दुय्यम पित्ताम्ले तयार करतात. हे रूपांतर शेवटपर्यंत नेण्याची क्षमता फार थोड्या जिवाणूंमध्ये असते.

क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांत तीव्र जुलाब आणि आतड्याचा गंभीर दाह निर्माण करतो. त्याचे बीजाणू पुष्कळांच्या आतड्यांतून काहीही त्रास न देता जाऊ शकतात. यकृतातून आलेली काही मूळ पित्ताम्ले भोवती असली, की हे बीजाणू जागे होतात आणि वाढू लागतात. याउलट दुय्यम पित्ताम्ले त्या वाढीला रोखतात. निरोगी आतड्यात जिवाणू मूळ पित्ताम्लांचे रूपांतर करत असतात, म्हणून बीजाणूंना अनुकूल वातावरण मिळत नाही. प्रतिजैविकांनी ते जिवाणू मारले गेले, की मूळ पित्ताम्ले साचतात, दुय्यम पित्ताम्ले नाहीशी होतात आणि बीजाणूंना रान मोकळे मिळते. हे रूपांतर करणारा क्लॉस्ट्रिडियम सिन्डेन्स हा एकच जिवाणू परत दिल्यास उंदरांची या संसर्गाविरुद्धची प्रतिकारक्षमता बऱ्याच अंशी वाढते, हे २०१५ मध्ये दाखवले गेले.

याच आजाराने विष्ठारोपणाला वैद्यकात मानाचे स्थान मिळवून दिले. निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याची ही पद्धत बेन आयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये चार रुग्णांबाबत नोंदवली होती, परंतु पुढची अनेक दशके तिच्याकडे दुर्लक्षच झाले. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीचे निष्कर्ष आले: हा संसर्ग वारंवार उलटणाऱ्या १६ रुग्णांपैकी १३ जण एकाच रोपणाने बरे झाले, आणि नेहमीचे प्रतिजैविक, व्हॅन्कोमायसिन, एवढाच उपचार मिळालेल्या १३ जणांपैकी फक्त ४. फरक इतका मोठा होता की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवण्यात आली. रोपणानंतर रुग्णांच्या आतड्यात दुय्यम पित्ताम्ले परत येतात, ही बाब वरच्या स्पष्टीकरणाशी जुळणारी आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२२ आणि २०२३ मध्ये अशा जिवाणूंपासून बनवलेल्या दोन उत्पादनांना हा संसर्ग उलटू नये यासाठी मान्यता दिली. त्यांपैकी दुसरे तोंडावाटे घ्यायच्या कॅप्सूलच्या रूपात आहे.

पित्ताम्लांची काही बदललेली रूपे थेट प्रतिकारपेशींशीही बोलतात. लिथोकोलिक आम्लाच्या दोन भिन्न रूपांपैकी एक दाह वाढवणाऱ्या टीएच१७ पेशींची वाढ रोखते आणि दुसरे नियामक टी पेशींची संख्या वाढवते, असे २०१९ मध्ये उंदरांवरील अभ्यासात आढळले. तरीही पित्ताम्लांवर चांगल्याचा शिक्का मारण्याची घाई करू नये. स्निग्ध पदार्थ फार आणि तंतू अगदी कमी असलेल्या आहारात डीऑक्सिकोलिक आम्लाचे प्रमाण दीर्घकाळ चढे राहते, आणि तसे राहणे अस्तराला इजा करणारे व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे मानले जाते. अति तेथे माती, हा नियम येथेही लागू होतो.

यावरून घातक पदार्थांचा विषय निघतो. प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेले एली मेचनिकॉफ यांचे ठाम मत होते की मोठ्या आतड्यात प्रथिने कुजून जी द्रव्ये तयार होतात, ती शरीराला हळूहळू विषबाधा करून म्हातारपण ओढवून आणतात, आणि म्हणून आंबवलेले दूध घेऊन ते कुजणे आवरावे. त्यांच्या काळी ब्युटिरेटचे महत्त्व कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे मोठे आतडे म्हणजे निव्वळ उपद्रव असा त्यांचा समज झाला. तो चुकीचा होता. पण कुजण्याविषयीचे त्यांचे निरीक्षण अगदीच निराधार नव्हते. आंबवायला तंतू उरले नाहीत, की जिवाणू प्रथिनांकडे वळतात आणि त्यातून अमोनिया, पॅरा-क्रेसॉल, हायड्रोजन सल्फाइड असे पदार्थ तयार होतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल, तर ते अस्तराच्या पेशींच्या ब्युटिरेट जाळण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. तंतू मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच संपून जातात, त्यामुळे प्रथिनांचे हे कुजणे शेवटच्या भागात अधिक होते.

तंतूंच्या अभावी जिवाणू आणखी एक मार्ग धरतात. श्लेष्म्याच्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात, आणि भुकेले जिवाणू त्याच खाऊ लागतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसाच्या आतड्यातील निवडक जिवाणू दिलेल्या उंदरांना तंतूविरहित आहारावर ठेवले, तेव्हा त्यांच्या श्लेष्म्याचा थर पातळ झाला, आणि आतड्याला रोग करणारा जंतू पोटात गेल्यावर हे उंदीर तंतू मिळणाऱ्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त आजारी पडले. दोन्ही गटांतील जिवाणूंचे प्रकार सुरुवातीला तेच होते. त्यांना काय खायला मिळाले, एवढाच फरक होता.

उंदरांवरून माणसांकडे येताना काळजी घ्यावी लागते, म्हणून माणसांवरील दोन अभ्यासांचा उल्लेख करतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० आफ्रिकी-अमेरिकन आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतील २० व्यक्तींच्या आहारांची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली गेली. पहिल्या गटात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच जास्त आहे आणि दुसऱ्यात ते फार कमी आहे. भरपूर तंतू आणि कमी स्निग्ध पदार्थ मिळू लागलेल्या अमेरिकन गटात ब्युटिरेटची निर्मिती वाढली, दुय्यम पित्ताम्ले घटली आणि अस्तरातील दाहाच्या खुणा कमी झाल्या. आफ्रिकी गटात उलट बदल दिसले. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही किंवा टळतही नाही, हे उघड आहे. तरीही आतड्यातले रसायन इतक्या लवकर बदलते, ही महत्त्वाची माहिती आहे.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यास अधिक गुंतागुंतीचे चित्र दाखवतो. त्यात ३६ निरोगी प्रौढांपैकी काहींनी तंतूंचे प्रमाण वाढवले आणि काहींनी आंबवलेले पदार्थ वाढवले. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील १९ दाहसूचक प्रथिने घटली. तंतू वाढवणाऱ्यांमध्ये मात्र असा एकसारखा परिणाम दिसला नाही. सुरुवातीला ज्यांच्या जिवाणूंमध्ये विविधता कमी होती, त्यांच्यात तर दाहाच्या काही खुणा वाढल्यासारख्या दिसल्या. तंतू तोडणारे कामगारच कमी असतील, तर एकदम आलेला कच्चा माल वापरला जात नाही, हे याचे सर्वांत पटण्याजोगे कारण वाटते. म्हणूनच आहारातील तंतू हळूहळू, काही आठवड्यांत वाढवणे शहाणपणाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतूंची शिफारस केली आहे.

ब्युटिरेट थेट कॅप्सूलमधून का घेऊ नये, हा प्रश्न साहजिकच पडतो. अडचण ठिकाणाची आहे. तोंडावाटे घेतलेले साधे ब्युटिरेट बहुतांशी जठर आणि लहान आतड्यातच शोषले जाते. मोठ्या आतड्यापर्यंत, आणि त्यातही शेवटच्या भागापर्यंत, ते पोहोचवण्यासाठी विशेष आवरण लागते. तंतू मात्र पचत नसल्यामुळेच तिथपर्यंत पोहोचतात आणि संथपणे, तासन् तास, जागच्या जागी ब्युटिरेट तयार होऊ देतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस या दीर्घकालीन दाहाच्या आजारात ब्युटिरेटचे एनिमा देऊन केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. सुजलेल्या अस्तराच्या पेशींची ब्युटिरेट आत घेण्याची आणि जाळण्याची क्षमताच घटलेली असते, त्यामुळे पुरवठा वाढवला तरी वापर वाढेलच असे नाही. ज्यांना असा आजार आहे, त्यांनी तो उसळलेला असताना तंतूंविषयीचे निर्णय स्वतः न घेता आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावेत, कारण त्या काळात किंवा आतडे आकुंचन पावलेले असल्यास काही प्रकारचे तंतू त्रासदायक ठरतात.

शेवटी, विष्ठेतील या आम्लांचे प्रमाण मोजून देणाऱ्या चाचण्यांविषयी. शरीर ९० ते ९५ टक्के मेदाम्ले शोषून घेते, म्हणजे विष्ठेत दिसते ते फक्त उरलेले ५ ते १० टक्के. अहवालातील आकडा कमी आला, तर आतड्यात निर्मिती कमी झालेली असू शकते किंवा शोषण उत्तम झालेले असू शकते. तो जास्त आला, तर निर्मिती भरपूर असेल किंवा मल इतक्या वेगाने पुढे सरकला असेल की शोषणाला वेळच मिळाला नसेल. भरपूर ब्युटिरेट बनवून ते पुरते वापरून टाकणारे आतडे आणि मुळातच फारसे ब्युटिरेट न बनवणारे आतडे, या दोहोंचा अहवाल अगदी सारखा येऊ शकतो.